दोघांनी करायची तपासणी

कॉफीवर बारीक वर्तुळं उठत होती. कपाच्या कडेपासून निघून मध्याकडे येत होती, तिथे एकमेकांत मिसळून नाहीशी होत होती, आणि पुन्हा कडेपासून निघत होती... एलोयने कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता आणि इंजिन चालू होतं, तेव्हा वर्तुळं उठणारच, त्यात नवल काही नव्हतं. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन दोन उचक्या देऊन थांबलं. कॉफी हळूहळू सपाट झाली, तिच्यात अंगणातल्या झाडाची एक फांदी आणि सप्टेंबरचं कोरडं आकाश दिसायला लागलं. मग त्याने कप उचलला — उजव्या हाताने, मुद्दाम उजव्याच — आणि कॉफीतली फांदी मोडली.

दोन्ही हातांत कप धरून त्याने कॉफी दोन घोटांत संपवली, निदान ती बघत बसायला नको म्हणून. कप अर्धाच होता. अलीकडे ओरालिया कप अर्धाच भरते... रक्तदाबाची काळजी, दुसरं काय. चौतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने नवऱ्याच्या कॉफीच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, तोही न विचारता, हे त्याला रोज सकाळी थोडं टोचायचं, आणि रोज तो ते बोलायचं विसरून जायचा.

गाडी चौसष्ट सालची. लांब, रुंद, चेरीच्या रंगाची, आणि इतकी खाली बसवलेली की तिच्या पोटाखालून मांजरसुद्धा विचार करून जाईल. डिकीत बॅटऱ्या आणि पंप. डॅशबोर्डखालचा खटका दाबला की ती अंग उचलते, पुन्हा दाबला की जमिनीशी टेकते. डिकीच्या झाकणावर तिचं नाव — पासिएन्सिया, म्हणजे धीर — त्यानेच सव्वीस वर्षांपूर्वी सोनेरी रंगात लिहिलेलं, आणि नावाखालून निघालेली रेघ दोन्ही अंगांनी, दारांवरून, थेट पुढच्या दिव्यांपर्यंत गेलेली, कुठे न थांबता, कुठे न जाडावता. रेघा ओढणं हाच एलोयचा धंदा. एस्पान्योलाच्या खोऱ्यात जितक्या म्हणून बसक्या गाड्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर एलोय मोंद्रागोनची रेघ होती. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. लांब केसांचा एक निमुळता ब्रश, आणि हात.

ह्या खोऱ्यात असली गाडी वेगाने हाकणं म्हणजे चर्चमध्ये धावत शिरण्यासारखं होतं. रविवारी संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने ताशी पंधरा मैल, फार तर वीस, खिडकीबाहेर कोपर, आणि मागच्याने हॉर्न वाजवलाच तर आणखी हळू. सव्वीस वर्षं त्याने गाडी अशीच चालवली होती. तेव्हा गाडीत काही दोष असेल तर तो कळणार कधी आणि कुणाला? जूनमध्ये रंग आणायला सान्ता फेला जायचं होतं, ओरालियाचा छोटा ट्रक बंद पडला होता, म्हणून तो पासिएन्सियाला हायवेवर घेऊन गेला — आणि पंचेचाळीसच्या पुढे काटा गेला तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी तळव्यांत, मग मनगटांत, मग कोपरापर्यंत. त्याने वेग कमी केला, थरथर गेली. बरं वाटलं. गाडी बिघडली तर बरं वाटणारा माणूस तो पहिलाच असेल, पण त्याला बरं वाटलं हे खरं, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात एका ट्रकच्या दारावर ओढलेली रेघ शेवटच्या वीतभरात वाकडी झाली होती, थिनरने चार वेळा पुसून चार वेळा ओढली होती, आणि चारही वेळा तिथेच वाकडी झाली होती.

स्टिअरिंग हलतं म्हणून हात हलतो. आठवडाभर हे उत्तर पुरलं. मग एका दुपारी तांबड्या सिग्नलला गाडी उभी होती, उभीच होती, आणि त्याला स्टिअरिंग थरथरल्यासारखं वाटलं. त्याने हात काढून घेतला. समोर दिवा हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजला, एलोय हात मांडीवर ठेवून बसून राहिला... तेव्हापासून त्याला नक्की सांगता येईना. कधी चाळिसाला थरथरतं, कधी पन्नासलाही शांत असतं. मी गाडी चालवतोय की गाडी माझ्या हाताचं नाटक करतेय? सारा उन्हाळा असाच गेला. आज शनिवार, आज काय ते शोधून काढायचंच असं ठरवून तो उठला होता, आणि उठतानाच थकलेला होता.

मागच्या पायरीवर ओरालिया मिरच्या सोलत बसली होती. काल रस्त्यावरच्या भट्टीतून भाजून आणलेलं हिरव्या मिरच्यांचं पोतं शेजारी, मांडीवर परात. भाजल्या मिरचीचा वास साऱ्या अंगणात होता. शाळेच्या भटारखान्यात आठवडाभर तीनशे पोरांचं रांधून ती शनिवारी पुन्हा हेच करायची, आणि त्यालाच सुट्टी म्हणायची.

"आज तरी उठणार का तुझी सवत?" तिने मान वर न करता विचारलं. गाडीला ती लग्नापासून... नाही, लग्नानंतर आठ वर्षांनी गाडी आली तेव्हापासून सवतच म्हणत होती.

"उठेल."

"मदत हवी तर सांग. हात धुवावे लागतील फक्त."

"नको," एलोय म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

काही तपासण्या एकट्याने करता येतात आणि काहींना दोन माणसं लागतात. हे त्याला माहीत होतं, आणि सकाळपासून तो एकट्याने करायच्या तपासण्या जितक्या सावकाश करता येतील तितक्या सावकाश करत होता. खटका दाबून त्याने गाडीचं तोंड वर घेतलं, खाली लोखंडी घोडे लावले. नुसत्या पंपावर उचललेल्या गाडीखाली शहाणा माणूस जात नाही. चाक वरून आणि खालून धरून हलवलं. घट्ट. डावी-उजवीकडून धरून हलवलं. घट्ट, किंवा घट्टच म्हणायचं. बेअरिंगला कान लावून चाक फिरवलं, आवाज नाही. तारांच्या आऱ्या एकेक करून नखाने वाजवल्या, सगळ्यांचा सूर एकच. एका चाकाला बहात्तर आऱ्या. दोन्ही चाकांच्या त्याने वाजवल्या. मग उजव्या चाकाच्या पुन्हा वाजवल्या.

आता रिमची कड. चाक फिरवायचं आणि खडू कडेच्या अगदी जवळ धरायचा. कड वाकडी असेल तर खडू एकाच जागी लागतो. त्याने खडू घेतला, गुडघ्यावर बसला, चाकाला झोका दिला, खडू जवळ नेला... कडेवर ठिपके उमटले. एक इथे, एक तिथे, तीन जवळजवळ, मग बरीच जागा कोरी. असली वाकडी कड जगात कुठल्या चाकाची नसेल. त्याने ओल्या फडक्याने ठिपके पुसले. इकडेतिकडे पाहिलं. ओरालिया मिरच्यांत होती. मग त्याने दोन विटा एकावर एक ठेवल्या, वरच्या विटेच्या भोकात चिंध्यांनी खडू घट्ट बसवला, विटा सरकवत चाकाच्या जवळ आणल्या, आणि पुन्हा झोका दिला. चाक फिरलं, खडू कुठेही लागला नाही. कड सरळ होती. विटेचा हात त्याच्या हातापेक्षा चांगला होता, एवढंच त्या तपासणीतून निघालं.

"लाकूड ओलं आहे," बाबा म्हणायचे.

बाबा, कासिमिरो मोंद्रागोन, लाकडाचे संत कोरायचे. कॉटनवूडच्या मुळापासून हातभर उंचीचे संत, ज्यांचे चेहरे इतके लहान की पापणी कोरायला सुरीचं नुसतं टोक लागायचं. आणि एका वर्षी संतांचे डोळे चुकायला लागले. आधी बाबांनी सुरीला दोष दिला, नवी सुरी आणली. मग उजेडाला दोष दिला, खिडकी मोठी केली. मग लाकूड ओलं झालं, आणि त्यानंतर सात वर्षं ओलंच राहिलं. आई म्हणायची, यंदा लाकूड ओलंच आहे. मामा म्हणायचे. शेजारी यायचे, अर्ध्यावर सोडलेला संत हातात घेऊन बघायचे, आणि म्हणायचे, हो, ओलंच दिसतंय. बाबांचा हात मांडीवर पडलेला असायचा आणि अंगठा व बोट एकमेकांवर घासत असायचे, गोळी वळावी तसे, आणि साऱ्या घराला तो हात सोडून सगळं दिसायचं. एकदा, फक्त एकदा, बाबा त्याला म्हणाले होते, "एलोय, जरा मनगट धर बघू माझं." तो एकोणीस वर्षांचा होता, बाहेर मित्राची गाडी उभी होती. आलोच, असं म्हणून तो गेला तो रात्री आला. बाबांनी पुन्हा म्हटलं नाही. तो संत अजून घरात कपाटावर आहे, एक डोळा नीट आणि दुसरा गालावर उतरलेला...

फाटकापाशी हॉर्न वाजला. फिदेन्सियो. कोम्पाद्रे फिदेन्सियो — एलोयच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांत धरलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत होते, ती मुलगी आता डेन्व्हरला असते आणि नाताळला येते. फिदेन्सियो गाडीतून उतरला तो आधी पोट आणि मग बाकीचा.

"काय कोम्पाद्रे, अजून मढं अंगणातच? पुरायचं तरी, नाहीतर उठवायचं तरी."

"बघतोय."

"तीन आठवडे बघतोयस. तिकडे माझी नवरी चादर पांघरून शेडमध्ये बसलीय. रंग होऊन महिना झाला. ऑक्टोबरच्या जत्रेला बिनरेघेची नेऊ? लोक विचारतील, एलोय मेला का म्हणून."

"आधी हिची थरथर काढू दे. मग तुझी."

"हिची थरथर आणि माझी रेघ, संबंध काय?" फिदेन्सियो हसला. मग वाकून त्याने गाडीखाली पाहिलं. "टाय रॉड बघितले? आयडलर?"

"बघायचाय."

"मग त्याला दुसरा माणूस लागतो. तू खाली शीर, मी वर बसून स्टिअरिंग हलवतो. दहा मिनिटांचं काम."

त्याने दाराच्या मुठीला हात घातलासुद्धा. आणि मग स्वतःच काढून घेतला, कारण त्याला नियम आठवला. त्यांच्या क्लबचं नाव लोस लेन्तोस, म्हणजे सावकाश चालणारे, आणि क्लबचे नियम दोनच — उगीच घाई करायची नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग धरायचं नाही. उभ्या गाडीतही नाही. मालक मेला तरच, मग त्याच्या घरचं माणूस त्याची गाडी शवपेटीच्या मागोमाग चालवतं, ताशी दहा मैलांनी, आणि बाकीच्या गाड्या तिच्या मागून. मागल्या पानगळीत क्लबातला प्रोकोपियो गेला तेव्हा त्याची बायको चालवत होती. बुटकी बाई, सीट मागे अडकलेली, कुणीतरी पाठीला दोन उशा लावून दिल्या होत्या. उशांवर फुलं होती, पिवळी. गावाने ती बाई पाहिली आणि त्या उशा पाहिल्या.

"तू सांगितलंस तर बसतो हं," फिदेन्सियो म्हणाला. आवाज बदलला होता. "नियम काय, आपणच केलेत."

"नको. करतो मी."

"एकट्याने कसा करशील?"

"करतो म्हटलं ना."

फिदेन्सियो दारापासून मागे सरला. त्याची नजर एलोयच्या चेहऱ्यावर होती, मग ती खाली सरकली, मग विटांवर गेली, विटेतल्या खडूवर, आणि तिथे जरा जास्तच थांबली. "ओरालिया," त्याने हाक मारली, "थोड्या मिरच्या देशील का?" आणि तिच्याकडे गेला. ती दोघं हळू आवाजात काही बोलली. मिरच्यांचं बोलली असतील. जाताना फिदेन्सियो म्हणाला, "सावकाश होऊ दे, कोम्पाद्रे. माझीची घाई नाही." एवढा वेळ घाई करणारा माणूस घाई नाही म्हणून गेला, हे एलोयला अजिबात आवडलं नाही.

जेवायला घेवडा, हिरवी मिरची, आणि तव्यावरची गरम तोर्तिया. ओरालियाने घेवडा आज वाडग्यात न देता ताटलीत, घट्ट, दिला होता. तोर्तियाने उचलून खाता येईल असा. त्याने चमचा बाजूला सारला आणि तोर्तियाचा तुकडा मोडला. आजच दिला होता की नेहमीच असा देते? शेवटचं सूप ह्या घरात कधी झालं... त्याला आठवेना. ओरालिया तिच्या शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेबद्दल सांगत होती, की तिला भाताचं मोठं भांडं उचलता येत नाही आणि उचलून दाखवायची हौस फार. तो हं हं म्हणत होता. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता, अंगठा बोटावर घासत होता, आणि एलोयने त्याला थांब म्हटलं की तो थांबत होता. लक्ष गेलं की पुन्हा सुरू. लक्ष तरी किती वेळ ठेवायचं एका हातावर?

दुपारी त्याने पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकांवर वजन राहावं आणि खाली शिरायला जागाही व्हावी म्हणून, मागच्या चाकांना दगड लावले, आणि टॉर्च घेऊन पाठीवर सरपटत आत गेला. वर लांबलचक दांड्या होत्या. स्टिअरिंगच्या डब्यातून निघालेली दांडी, तिच्यापासून दोन्ही चाकांकडे गेलेले टाय रॉड, आणि उजवीकडे ह्या सगळ्यांना तोलून धरणारा आखूड आयडलर. गाडी खाली बसवली तेव्हा ह्या दांड्या ज्या कोनात राहायच्या त्या राहिल्या नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी तिरक्या मानेने काम केलं होतं. कुठेतरी खेळ, म्हणजे सैलपणा, असणार. पण तो दिसायचा तर वर कुणीतरी स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायला हवं आणि खाली कुणीतरी बघायला हवं. त्याने एका हाताने दांडी हलवून पाहिली. दांडी हलली, दांड्या हलायलाच असतात. त्याने स्टिअरिंगला दोरी बांधून ती खिडकीतून खाली आणायचा विचार केला, बाहेर आला, दोरी शोधली, बांधली, पुन्हा आत गेला, ओढली. स्टिअरिंग एकाच बाजूला गेलं आणि तिथेच राहिलं. गाडीच्या पोटाखाली पाठीवर पडून दोरी ओढणारा एकसष्ट वर्षांचा माणूस... त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि मग नुसता थकवा राहिला. इतका, की इथेच झोपावं असं वाटलं.

गाडीच्या कडेखालून ओरालियाच्या चपला दिसल्या. बराच वेळ त्या तिथेच होत्या.

"दोरी कशाला बांधलीयस?"

त्याने दोरीचं टोक छातीवरून बाजूला सारलं.

"म्हाताऱ्या, मी हात धुतलेत," ती म्हणाली. "साबणाने, दोनदा. आता बसू का आत?"

दार उघडलं, स्टिअरिंगची दोरी सुटून खाली पडली, सीटच्या स्प्रिंगा वाजल्या, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुसरं माणूस पासिएन्सियाच्या स्टिअरिंगमागे बसलं. वीज पडली नाही. ओरालियाने विचारलं, "कसं हलवू?" तो म्हणाला, "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. चाकं वळायला नकोत इतकंच." दांड्या हलायला लागल्या. त्याने टॉर्च आयडलरवर धरला. उजेडात आयडलर वर-खाली होत होता, चांगला बोटभर. मिळालं, त्याला वाटलं. छातीत ऊब पसरली. मग त्याला शेजारचा फ्रेमचा तुळईएवढा पत्रा दिसला, ज्याला हलायचं काहीच कारण नव्हतं, आणि तोही हलत होता. उजेड हलत होता. त्याने टॉर्च दोन्ही हातांनी धरला, छातीवर टेकवला, दातांत धरून पाहिला. दातांत धरला तेव्हा काही हलेना, पण तेव्हा त्याला दिसतही नव्हतं नीट, डोळ्यांत पाणी होतं.

"दिसलं का काही?" वरून ओरालिया.

"थांब."

तो बाहेर आला. पाठीची माती झटकणं वगैरे त्याने केलं नाही. दाराशी उभा राहिला, टॉर्च विझवून खिशात घातला. आता एकच तपासणी उरली होती, सगळ्यात सोपी, जी जूनमध्येच करता आली असती, कुठल्याही शहाण्या माणसाने पहिल्याच दिवशी केली असती — दुसऱ्याला चालवायला द्यायची. दुसऱ्याच्या हातात थरथरली तर गाडी. नाही थरथरली तर... सारा उन्हाळा, सगळ्या आऱ्या, बेअरिंगं, विटा, दोरी, हे सगळं ही एक तपासणी करायला लागू नये म्हणून होतं. हे त्याने आत्ता स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल करायलाही फार कष्ट पडले नाहीत, इतका तो दमला होता.

"तू चालव," तो म्हणाला.

ओरालियाने त्याच्याकडे पाहिलं. नियम तिला ठाऊक होता. प्रोकोपियोच्या मयताला उशा तिनेच लावून दिल्या होत्या, त्या उशा ह्याच घरच्या होत्या.

"रस्त्यावर?"

"हायवेला. पन्नासपर्यंत ने."

त्याने गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, रस्त्यावर चालवता येईल इतकी उंच घेतली, आणि उतरून उजव्या बाजूला गेला. सीट पुढे सरकेना. सव्वीस वर्षांत ती सरकलीच नव्हती. ओरालियाने दोनदा ढकलून पाहिलं. तो म्हणाला, "उशी आणू?" आणि म्हणून झाल्यावर त्याला ती पिवळी फुलं आठवली. "नको," ती म्हणाली. "पोचतात पाय." पोचत नव्हते. ती सीटच्या पुढच्या कडेवर, पाठ न टेकता बसली, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

उजव्या सीटवरून सगळं निराळंच होतं. नदीकाठच्या रस्त्यावर दोघातिघांनी गाडी ओळखून हात वर केला आणि मग कोण चालवतंय ते पाहून तो तसाच धरून ठेवला. एलोयने त्यांच्याकडे पाहिलं नाही. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता. समोर डॅशबोर्डवर त्यानेच ओढलेली एक पातळ रेघ होती, कप्प्याच्या झाकणावरून जाणारी, आणि झाकण संपतं तिथे तिला एक बारीक मुरड होती. ही त्याने कधी पाहिली नव्हती. स्टिअरिंगमागून दिसत नसावी. पस्तिसाव्या वर्षी, दगडासारखा हात असताना, ही मुरड पडली होती आणि कुणाला कळली नव्हती... त्याला बरं वाटलं की वाईट, हे ठरवण्याआधीच हायवे आला.

तीस. पस्तीस. ओरालिया दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, हनुवटी पुढे काढून चालवत होती. चाळीस. काही नाही. एलोय तिच्या हातांकडे बघत होता. मिरच्यांनी लाल झालेले, नखं कापलेली, तीनशे पोरांना रांधणारे हात, शांत. बेचाळीस. शांत. बाजूने सफरचंदांच्या बागा मागे जात होत्या. थरथर, तो मनात म्हणाला, थरथर, माझे आई, आत्ता थरथर. इतकी कळकळीची प्रार्थना त्याने चर्चमध्ये केली नव्हती. चव्वेचाळीस.

"अगं बाई," ओरालिया म्हणाली.

स्टिअरिंग तिच्या हातांत थरथरत होतं. चांगलं, ढळढळीत, मनगटांपर्यंत. तिच्या दंडावरचं सैल कातडंसुद्धा हलत होतं.

"हलतंय," ती म्हणाली. "एलोय, खरंच हलतंय की हे. गाडीचंच आहे."

गाडीचंच आहे. त्याने डोळे मिटले. विजेचे दोन खांब गेले असतील, तीन गेले असतील, तेवढा वेळ तो सुखी होता. आयडलर असणार. सोमवारी नवा मागवायचा, चार बोल्ट, एक दुपार. मग फिदेन्सियोची नवरी... त्याला नवी लाल गाडी दिसली, चादर काढलेली, आणि तिच्यावर टेकलेला ब्रश.

"गाडीचं कळलं," ओरालिया म्हणाली. रस्त्यावरची नजर तिने काढली नव्हती. "तुझं कधी दाखवायचं?"

त्याने डोळे उघडले. राग यायला हवा होता. तो वाट बघत राहिला, आला नाही. अर्धे कप आले. ताटलीतला घट्ट घेवडा आला. अंगणात विटेवर थांबलेली फिदेन्सियोची नजर आली. साऱ्या घराने पुन्हा एकदा लाकडाला ओलं म्हटलं होतं, आणि ह्या वेळी लाकूड तो होता, कोरणाराही तोच, आणि तिने मात्र आज हात धुतले होते, दोनदा. बाबांनीही असंच कुणी विचारण्याची वाट पाहिली असेल का? सात वर्षं? उत्तर द्यायचं तर सोमवार म्हणता आलं असतं, मंगळवार म्हणता आलं असतं, कशाला दाखवायचं असंही म्हणता आलं असतं. तोंड उघडलं तर त्यातलं कुठलं बाहेर पडेल ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने मांडीखालचा हात बाहेर काढला. तो मुंग्या येऊन बधिर झाला होता. त्याने तो दोघांच्या मधे, सीटवर, तळवा वर करून ठेवला, आणि त्याला थांब म्हटलं नाही. थोड्या वेळाने अंगठा बोटावर घासायला लागला. पलीकडे स्टिअरिंग थरथरत होतं, भराभर. हाताची लय निराळी होती, संथ, जुनी, ह्याच घरातली. जूनपासून ह्या दोन गोष्टी त्याच्या अंगात एक होऊन बसल्या होत्या आणि आता त्या वेगळ्या कळत होत्या, ही एक आणि ही दुसरी. त्यातल्या दुसरीचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. काटा पंचेचाळिसाच्या पुढे होता. ओरालियाने वेग कमी केला नाही, आणि त्यानेही कर म्हटलं नाही.